शेजारच्या खाटेसाठी

प्रेमदासला पक्षाघात झाला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा ज्योत्स्नाने सावंगीच्या दवाखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं की नाताळच्या उपासनेला तो नेहमीसारखा ढोलक वाजवणार. आशा आहे असं नव्हे, वाजवणारच. विश्वास धरायचा तर असा, भीड न ठेवता, असं चर्चचे पाळकसाहेब सांगायचे आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं. रोज सकाळी ती नवऱ्याचा हात हातात घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची. मिळालंच आहे असं समजून आधीच आभारही मानायची.

शेजारच्या खाटेवर वडनेरचा रोशन होता. मोटारसायकलवरून पडल्यापासून तो बेशुद्धच होता. त्याची आई भागीरथा स्टुलावर बसून ज्योत्स्नाची प्रार्थना ऐकत राहायची. एका सकाळी ती म्हणाली, ‘‘माह्या रोशनसाठी बी तुमच्या देवाले सांगा ना बाई.’’

नाही कसं म्हणायचं, म्हणून ज्योत्स्नाने डोळे मिटले आणि एक वाक्य म्हटलं. तेव्हा तिचं अर्धं लक्ष डॉक्टरांच्या येण्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी रोशनने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

प्रेमदासचा हात मात्र तसाच राहिला. नाताळ आला, गेला. चर्चमध्ये ढोलक दुसऱ्याच कुणीतरी वाजवला आणि प्रेमदास डाव्या हाताने मांडीवर ताल धरत बसला. मंडळीतले लोक ज्योत्स्नाशी सांभाळून बोलू लागले. एकीने तर विश्वासात कुठे कमी पडलं का, असंही विचारलं. जिथे सगळा जीव ओतला तिथे काहीच नाही, आणि जिथे उरकून टाकलं तिथे एवढं मोठं काम. हा हिशोब ज्योत्स्नाला लागत नव्हता.

संक्रांतीनंतर भागीरथा रोशनला घेऊन वर्ध्याला ज्योत्स्नाच्या घरी आली. पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. तुमच्यामुळे पोरगा हाती लागला, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. ज्योत्स्नाला ते सहन होईना.

‘‘खरं सांगू का ताई? त्या दिवशी माह्यं मन प्रार्थनेत नोतंच. तुमाले वाईट वाटू नाई म्हणून केली मी.’’

‘‘तरी बी त्यानं आयकलं न?’’ भागीरथा म्हणाली. मग प्रेमदासजवळ जाऊन बसली आणि त्याचा निर्जीव हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. पदर डोक्यावर ओढून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली, ‘‘देवा, मी तुह्या घरची नाई. पण माह्या पोराले तू उठवलं. आता या भावाचा हात दे. मी वाट पाहून राह्यली.’’

ज्योत्स्ना दारातच उभी होती. यावर आमेन म्हणायचं की नाही, तिला कळेना. बाई दुसऱ्या देवांची, आणि मागणं असं की तिच्या स्वतःच्या सगळ्या प्रार्थना त्यापुढे घाबरल्यासारख्या वाटाव्यात. शेवटी प्रेमदासच अडखळत ‘‘आमेन’’ म्हणाला. मग तीही म्हणाली.

हात हलला नाही. भागीरथाने तो अलगद त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुढच्या महिन्यात येऊन बघून जाईन म्हणाली, जणू बोलणं पक्कं झालं होतं.

ती गेल्यावर ज्योत्स्ना शेंगा सोलायला बसली. रडू येतंय की हसू, ते तिला समजत नव्हतं. प्रेमदासने डावा हात पुढे करून ताटली आपल्याकडे ओढली, आणि एकाच हाताने एक शेंग फोडायचा प्रयत्न करू लागला.