बाबांचा पांढरा

आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहते. पांढरी म्हणजे पांढरी. आणि मी अल्बममध्ये ती साडी पिवळी करून ठेवलेली. अशी तक्रार आलेलं हे सलग तिसरं लग्न.

नवरीच्या, म्हणजे सान्वीच्या आजीने, जाईबाईंनी, थेट मलाच फोन लावला. "बाय, आम्ही नातीचं लग्न लावलं. तू तिला हळद कशाला फासलीस?"

कपाळ! पाच मिनिटांत साईनाथचा फोन. साईनाथचा कोलशेतला स्टुडिओ आहे. तो लग्नं शूट करतो आणि मी डोंबिवलीत घरी बसून फोटोंचे रंग दुरुस्त करते, अल्बम लावते. सहा वर्षं आमचं असं चाललंय.

"रचना, बस झालं आता," तो म्हणाला. "प्रिंटिंग लॅब म्हणते, तुझ्या फाइलच पिवळ्या येतात. सान्वीचा अल्बम शुक्रवारपर्यंत नव्याने करून दे. हाही पिवळा आला तर पुढच्या सीझनची लग्नं मी दुसऱ्याला देणार. वाईट वाटून घेऊ नको."

वाईट? माझं डोकंच फिरलं. त्या लॅबवाल्याला मी दोनदा फोनवर झापलेलं. 'नाचता येईना अंगण वाकडं' हेसुद्धा त्यालाच सुनावलेलं. कारण माझा मॉनिटर चुकणं शक्यच नव्हतं. तो बाबांनी लावून दिलेला.

माझे बाबा, बाबुराव, एमआयडीसीतल्या एका डाइंग कंपनीत एकतीस वर्षं शेड मास्तर होते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायचं, हे त्यांचं काम. बाबा 'पास' म्हणाले की माल गाडीत चढायचा. मग कंपनीने रंग मोजायचं मशीन आणलं आणि बाबांच्याच हाताखाली शिकलेल्या तानाजीला त्यावर बसवलं. पांढऱ्या कापडाचे लॉट बाबा परत पाठवायचे, म्हणायचे, "पिवळट आहे, नीळ वाढव." मशीन म्हणायचं, ठीक आहे. मालकाने मशीनचं ऐकलं. बाबांनी त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला. तानाजी नंतर दोनदा घरी आला, पण बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

गेल्या वर्षी मी नवा मॉनिटर घेतला तेव्हा त्यांनीच खुर्ची ओढली, तासभर बटणं दाबली आणि म्हणाले, "हा बघ. याला म्हणतात पांढरा." मला तो जरा निळा वाटलेला. पण शेड मास्तरला कोण शिकवणार? आठवडाभरात माझी नजर सरावली.

आता मात्र मी ठरवलं. पडद्याचा रंग मोजायचं यंत्र आणायचं, म्हणजे चूक कुणाची ते एकदाचं कळेल.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" बाबा म्हणाले.

"बाबा, शुक्रवार जवळ आलाय. मला वाद नको."

"म्हणजे माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही तुझा."

"आहे. म्हणूनच त्या लॅबवाल्याच्या तोंडावर आकडे मारायचेत मला!"

हे मी मनापासून बोललेले. त्यांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी रात्रंदिवस चौकशी करत बसले नाही, एका दिवसात उरकलं. यंत्रं दोन प्रकारची. एक स्पेक्ट्रो. ते उजेडाचे बारीक तुकडे करून मोजतं, पडदाही मोजतं आणि छापलेला कागदही. बाबांच्या कंपनीतलं होतं त्याच जातीचं. पण महाग, सावकाश चालणारं आणि गडद रंगात चाचपडणारं. माझ्या अर्ध्या फोटोंत नवरदेव काळ्या सुटात. दुसरा कलरीमीटर. त्याच्यात रंगीत फिल्टर असतात, आपल्या डोळ्यासारखेच ते उजेड चाळून घेतात. फक्त पडदा मोजतो, पण झटपट आणि अंधारातही नीट. मला एकच पडदा मोजायचा होता, कापडाचं दुकान नव्हतं उघडायचं. कलरीमीटर ठरला.

आता नवा की जुना? कल्याणला हरिहर काका आपला फोटो स्टुडिओ बंद करत होते, त्यांच्याकडे एक जुना होता. गेले तर त्यांनी तो खोक्यातून काढला, पुसला आणि माझ्या हातात न देता टेबलावरच ठेवला.

"नेऊ नकोस," ते म्हणाले.

"अहो काका, तुम्हीच बोलावलंत ना?"

"बोलावलं, पण काल लावून बघितला. याच्या आतले फिल्टर म्हातारे झालेत. रोज थोडेथोडे पिवळे पडत गेले असणार. गंमत बघ, यंत्राला ते कळत नाही. ते आपलं छातीठोकपणे आकडे सांगतच राहतं. नवा घे तू."

भला माणूस. विकायला बसलेला, तरी खोटं बोलला नाही. मी तडक नवा मागवला. बुधवारी सकाळी तो घरी आला.

मॉनिटर अर्धा तास तापू दिला, खिडकीचा पडदा ओढला, यंत्र मॉनिटरवर लटकवलं. सॉफ्टवेअरला मॉनिटरची जात सांगितली. ते विसरलं की आकडे चुकतात. पडद्यावर रंगांचे चौकोन एकामागून एक येऊ लागले. बाबा दारात उभे, हाताची घडी घालून. मी मनात यंत्राला म्हणत होते, दाखव रे, त्या लॅबवाल्याला दाखव.

आकडे आले. माझा पांढरा निळा होता. थोडाथोडका नाही, चांगला निळाशार. निळ्या पडद्यावर साडी पांढरी दिसावी म्हणून मी वर्षभर प्रत्येक फोटोत पिवळा ओतत होते. लॅबवाला बिचारा खरं बोलत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या, आणि बोंबा मारणारी मी.

यंत्राने पडदा दुरुस्त केला.

"पिवळा झाला," बाबा लगेच म्हणाले. "फेकून दे ते."

खरं सांगायचं तर मलाही पिवळाच दिसला. पण मी हट्टाला पेटले. नजर बसू दिली, सान्वीचे फोटो नव्याने केले आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधून एक नमुना प्रिंट काढून आणला. लॅबवाल्याची माफीही मागितली. तो नुसता हसला, ते जास्त लागलं.

घरी आल्यावर आईने कपाटातून तिची लग्नातली पांढरी साडी काढली. गॅलरीत भर उजेडात आम्ही प्रिंट तिच्या शेजारी धरला. दोन्ही पांढरे. मी उडीच मारली!

"पिवळा आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, साडीशेजारी धरून बघा ना."

त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. "साडीपण पिवळी पडलीय."

"अहो, पिवळी कुठली?" आई म्हणाली. "परवाच नीळ देऊन धुतलीय मी. दुधासारखी आहे."

मी बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि हरिहर काकांचा तो जुना कलरीमीटर आठवला. रोज थोडेथोडे पिवळे. यंत्राला ते कळत नाही. गप्प बसले असते तर चाललं असतं, अल्बम तर झालाच होता. पण बाबांनीच मला शिकवलेलं, खराब लॉट पुढे ढकलायचा नाही.

"बाबा," मी म्हटलं, "साडी पांढरी आहे. प्रिंटपण पांढरा आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यानेच सगळं पिवळं दिसतंय."

"तोंड सांभाळून बोल, रचना."

"सांभाळूनच बोलतेय. उद्या डॉक्टरकडे जायचं. नाही आलात तर मी हे काम सोडते. कारण पांढरा कुठला हे मला ज्याने शिकवलं, त्यालाच दिसत नसेल तर मी कुणाला दाखवू?"

शेवटचं बोलताना मला रडू आलं, त्याचा मला आणखी राग आला. बाबा उठून आत गेले. रात्री जेवायला बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "किती वाजता जायचंय?"

शुक्रवारी अल्बमच्या फाइल गेल्या. चार दिवसांनी जाईबाईंचा फोन आला. "बाय, आता कशी माझी पोर शोभतेय!" साईनाथने पुढच्या सीझनच्या तारखा पाठवल्या. मी त्या वाचल्या दवाखान्यात बसून. आत बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चाललेलं. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू बराच जुना आहे, निदान सहा-सात वर्षांचा. उजवा डोळा महिन्याभराने करू.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन बाबांनी काळा चष्मा काढला आणि आईला म्हणाले, "ती साडी आण." गॅलरीत बसून त्यांनी उजवा डोळा मिटला. मग डावा. परत उजवा. साडी तीच, उजेड तोच. मी दारात उभी राहून बघत होते.

"रचना," ते म्हणाले, "या डोळ्याने पांढरी दिसते. त्या डोळ्याने, जुन्या पेपरसारखी."

"हो बाबा."

"सहा-सात वर्षं, म्हणाला ना डॉक्टर?"

मी मान हलवली. राजीनाम्याला पाच वर्षं झालेली. हिशोब त्यांचा त्यांनीच केला असणार. त्यांनी साडीची घडी घातली, काठाला काठ लावून, जशी कापडाची घालायचे तशी. मग फोन मागितला आणि नंबर न बघता लावला. पाच वर्षांत एकदाही न लावलेला नंबर त्यांना पाठ होता.

"तानाजी, बाबुराव बोलतोय," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी जोरात, आनंदाने बोलणं ऐकू आलं. बाबांनी ते पुरं होऊ दिलं नाही.

"आधी माझं ऐक. ते पांढरे लॉट मी परत पाठवायचो ना? पास होते रे ते. सगळे पास होते."