नापसंतीचा खडक

तळ्याचा किनारा सगळ्यांचा आहे, हे मला कुणी शिकवायला नको. तिथे कुणीही यावं, खडे वेचावेत, खिसे भरून घरी जावं. माझी काही तक्रार नाही. पण माझ्या घरातल्या काचेच्या कपाटात मांडलेले अकीकाचे खडे कुणीतरी न विचारता उचलावेत आणि ओलेचिंब करून किनाऱ्यावरच्या खडकावर आणून ठेवावेत, याला काय म्हणायचं?

आम्हा वेचणाऱ्यांची एक रीत आहे. सापडलेला खडा पाण्यात बुडवायचा, उन्हासमोर धरायचा, आतले पट्टे आवडले तर पिशवीत टाकायचा आणि नाही आवडला तर त्या सपाट खडकावर ठेवून द्यायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला त्याच खड्यासाठी पुन्हा वाकावं लागत नाही. थोडक्यात, माझे अकीक कुणीतरी नापास केले होते! मी दातांच्या कवळ्या घडवते. कवळीला चकाकी आणतात त्याच यंत्रावर एकेक खडा मी जिवापाड घासलेला. मला नापास करणारा हा टिकोजीराव कोण लागून गेला?

त्यातला सगळ्यांत देखणा, मधाच्या रंगाचा, तेवढा मात्र खडकावर नव्हता. चोराला पारख होती, याचाच मला जास्त राग आला.

आमच्याबरोबर वेचायला येणाऱ्या सुताराला मी तिथल्या तिथे फैलावर घेतलं.

"ताई, तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे कुठून येणार?" तो म्हणाला. ते खरंच होतं. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

मग इस्त्री गेली आणि खडकावर मिळाली. भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवऱ्याचा चष्मा मिळाला, जो डोळ्यांवर ठेवूनच तो दुपारी झोपला होता. दिवाणखान्यातला पितळी दिवा गेला, तो मात्र परत आला नाही. पोलीस चौकीत गेले तर तिथला शिपाई म्हणाला, "बहुतेक सगळं मिळालंय ना? मग तक्रार कसली?" मी संतापाने लाल झाले. दर वेळी तणतणत सामान घरी आणायचं, उन्हात वाळवायचं, हाच माझा उद्योग होऊन बसला.

नवरा हसायचा. तो निवृत्त शिंपी; गुडघा गेल्यापासून मी वेचायची आणि तो किनाऱ्यावरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायचा.

"त्याला आवडलं नाही, त्याने परत दिलं," एका सकाळी तो म्हणाला. "सरळ माणूस आहे. तू तर नावडती वस्तूही टाकत नाहीस."

"म्हणून तर तू अजून घरात आहेस," मी म्हटलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्याच सकाळी, पिशवी अर्धी भरल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर बाक रिकामा होता. थर्मासच्या झाकणातल्या चहातून वाफ निघत होती. काठी टेकवून ठेवलेली होती, आणि काठीशिवाय त्याला चार पावलंही जमत नाहीत. बाकाखालची वाळू भिजलेली होती.

खरं सांगते, मी घाबरले नाही. माझं डोकंच फिरलं. मी तडक त्या खडकाकडे गेले आणि शेजारी फतकल मारून बसले. येईल, म्हटलं. आत्ता ओलाचिंब होऊन परत येईल. हा माणूस माझ्याशिवाय कुणाला पसंत पडणार आहे?

ऊन चढलं. सुतार येऊन जरा अंतरावर उभा राहिला. मग मी उठले आणि पाण्याकडे तोंड करून ओरडू लागले.

"अरे, नीट बघ त्याला! घोरतो तो! ऐकायला कमी येतं! एक काम वेळेवर करत नाही, तीच गोष्ट दहादा सांगतो, डावा गुडघा पार गेलाय त्याचा! त्याच्यात काहीसुद्धा नाही!"

पाणी निवांत होतं. सांगण्यासारखे सगळे दोष सांगून झाले, काही तर मी पदरचे घातले.

खडक कोरडाच होता.