पंखा बदलल्यानंतर

"परत थांबला," भाऊजी दार उघडतानाच म्हणाले. "'मला जरा' एवढं उमटलं आणि बसला गप्प."

खटपट्यानं चपला कशाबशा काढल्या आणि हातातली पिशवी घेऊन थेट आतल्या खोलीत गेला. आधी त्याची नजर गेली ती कॉम्प्युटरकडे. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो खिडकीपाशी बसलेल्या ताईकडे वळला.

"आलो गं. बघतो काय झालंय ते."

ताईनं डोळे मिटून उघडले. एकदा मिटले म्हणजे 'हो', दोनदा मिटले म्हणजे 'नाही'. मानेखाली उशी, दोन्ही बाजूंनी आधार आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेला उजवा हात. त्या हाताच्या पहिल्या बोटाखाली एक गोल बटण होतं. तिचं सगळं बोलणं आता त्या बोटावर येऊन ठेपलं होतं.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी होत्या. उजेडाची एक पट्टी एकेका ओळीवरून सरकायची. हवी ती ओळ आली की ताई बटण दाबायची. मग पट्टी त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून जायची, ती पुन्हा दाबायची. अक्षराला अक्षर जोडत वाक्य झालं की यंत्रातली बाई ते मोठ्यानं वाचायची. आत्ता ती पट्टी 'त'च्या ओळीवर जागच्या जागी खिळली होती. खटपट्यानं माउस हलवून पाहिला, कीबोर्डवरची दोन-चार बटणं दाबून पाहिली. कशालाच दाद नाही. शेवटी त्यानं मुख्य बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला. पंखा थांबला आणि खोली एकदम सुनी वाटू लागली.

खटपट्या हे नाव ताईनंच ठेवलेलं. लहानपणी त्यानं घरातलं गजराचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, तेव्हापासूनचं. आज पन्नाशी उलटली, स्वतःचं दुरुस्तीचं दुकान झालं, दुकानात लोक त्याला 'साहेब' म्हणायला लागले, पण या घरात तो खटपट्याच राहिला. त्याच्या हाताखालून गेलेलं मशीन सहसा परत येत नसे. हे मात्र येत होतं. पंखा बदलल्यापासून तो तिसऱ्यांदा इथं आला होता.

पंखा बदलायचं ताईनंच काढलं होतं. जुना पंखा घरघर करायचा. एकदा तो आला तेव्हा पडद्यावर तिनं सावकाश लिहिलं होतं, 'तुझा पंखा घोरतो. तुझ्या भाऊजींचं घोरणं मला पुरे आहे.' भाऊजी खोटंखोटं रागावले होते. खटपट्यानं दुसऱ्याच दिवशी नवा पंखा आणून बसवला. आवाज गेला. आणि त्यानंतर मशीन मध्येच गोठायला लागलं.

ताई आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर होती. "बोला," एवढंच ती अशी म्हणायची की घाबरलेला माणूससुद्धा धड बोलायला लागायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. मग जीभ जड झाली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरतायत, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील, असंही सांगितलं. ते दिलासा म्हणून सांगितलं होतं की काय, हे कुणाला कळलं नव्हतं. कॉम्प्युटर बोलायला लागला तेव्हा ताईनं पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'या बाईला सर्दी झाली आहे.'

खटपट्यानं मशीन टेबलावर आडवं घातलं आणि कडेचं झाकण काढलं. पहिल्या खेपेला त्यानं धूळ साफ केली होती, पंख्याची वायर तपासली होती. दुसऱ्या खेपेला चिपवरचं उष्णता वाहून नेणारं, वाळलेलं मलम पुसून नवं लावलं होतं. पंखा तर छान फिरत होता. मग हे तापतं कसं?

त्यानं पंख्याखालचा, चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा चार बोटांनी धरून हलवला. एक कोपरा हलला. अगदी किंचित.

"अरे देवा."

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"चूक माझीच, भाऊजी. या ठोकळ्याचा एक पाय नीट बसलेलाच नाही. अर्धवट अडकलाय. त्यामुळे ठोकळा चिपला टेकतच नाहीये सगळीकडून. वरून वारा चालूच, म्हणून मला वाटलं सगळं ठीक. खाली नुसती आग." तो खजील होऊन हसला. "पोरासोरानं करावी अशी चूक."

"म्हणजे आता नाही थांबणार?"

"नाही. आता काय बिशाद आहे."

भाऊजींना हायसं वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण ते नुसते "बरं" म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

खटपट्यानं ठोकळा काढला, पुसला, मलम पुन्हा लावलं आणि चारही पाय दाबून बसवले. प्रत्येक पायाचा खट्ट आवाज येईपर्यंत दाबले. मग मशीन चालू करून मुद्दाम त्याच्यावर भरपूर काम टाकलं आणि आकड्यांकडे बघत बसला. तापमान थोडं चढलं, मग तिथंच राहिलं. बराच वेळ गेला तरी काही अडलं नाही. दुपार कलली होती. खिडकीतलं ऊन ताईच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं.

"चल ताई, झालं. शिव्या घाल मला आता. पोटभर."

त्यानं तिच्या बोटाखाली बटण ठेवलं आणि अक्षरांची पाटी उघडली. पट्टी चालायला लागली. 'क'ची ओळ. 'च'ची. 'ट'ची. 'त'ची. 'प'ची. शेवटची ओळ. पुन्हा 'क'ची.

"बोल ना."

पट्टी पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. एकही अक्षर उमटलं नाही. ताई पडद्याकडे एकटक बघत होती.

बटण गेलं असणार, त्याला वाटलं. त्यानं ते काढून स्वतःच्या बोटानं दाबलं. पट्टी लगेच थांबली. पुन्हा दाबलं, अक्षर उमटलं. बटण तर चालत होतं. तरी त्यानं पिशवीतून दुसरं काढलं, नुसत्या स्पर्शानं दबणारं. ते तिच्या बोटाखाली ठेवलं, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून नीट उंची केली.

"हे बघ, याला जोर नको. नुसतं टेकव."

पट्टी फिरत राहिली. मशीन अगदी व्यवस्थित चालू होतं. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं, पंखा मऊ आवाजात फिरत होता, आणि उजेड अक्षरांवरून जात होता, येत होता. खटपट्याला एकाएकी ते बघवेना. तो खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं तिच्या बोटाजवळ डोळे नेऊन पाहिलं.

मनगटाजवळ कातडीखाली काहीतरी थरथरत होतं. बोट मात्र हलत नव्हतं. ताईच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे गं. दमशील."

भाऊजी दाराशी उभे होते. हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी कशासाठी भरला हे त्यांनाही आठवत नसावं.

"कधीपासून?" खटपट्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"पंखा बदललास त्याच्या आधीच सुरुवात झाली होती. सकाळी जमायचं. संध्याकाळी बोट ऐकायचं नाही. मग मशीन खरोखरच बंद पडायला लागलं, आणि..." भाऊजींनी पेला टेबलावर ठेवला. "मला बरं वाटलं रे. खोटं कशाला बोलू? म्हटलं, चला, मशीन आहे. मशीन दुरुस्त होतं."

"अहो, पण मला सांगायचं नाही का? मी आपला स्क्रू उघडतोय आणि लावतोय!"

"तू स्क्रू उघडायला बसलास ना, की तेवढा वेळ या घरात काहीतरी नीट होतंय असं वाटायचं. म्हणून नाही सांगितलं."

खटपट्याच्या ओठांवर काहीतरी कडू आलं होतं, ते त्यानं गिळलं. तो ताईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

तिनं डोळे मिटून उघडले. एकदा.

"डोळ्यांवर चालणारं यंत्र मागितलंय इस्पितळाकडे," भाऊजी म्हणाले. "महिना-दोन महिने लागतील म्हणतायत. आपला नंबर आला की..."

तितक्यात त्यांचा फोन वाजला. रविवार होता, आणि रविवारी या वेळेला मुलीचा फोन असायचा. ती दूर शिकत होती, शेवटच्या वर्षाला. मध्यंतरी सगळं सोडून घरी यायला निघाली होती. तेव्हा ताईनं अख्खी दुपार घालवून तिला लिहिलं होतं, 'परीक्षा देऊन ये. नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही.'

फोन वाजत राहिला. भाऊजींचा हात पुढे होईना.

"ताई," खटपट्यानं विचारलं, "सांगायचं तिला?"

डोळे दोनदा मिटले. झटकन.

"मग मशीनच बिघडलंय म्हणू?"

एकदा.

त्यानं फोन घेतला, आपला चेहरा दिसेल असा धरला. "काय गं, बरी आहेस ना?"

"मामा? तू? आई कुठंय? आजही कॉम्प्युटर बंद?"

"बंद म्हणजे काय, जरा अडचण आहे."

"अरे काय हे! एक पंखा बदलायला सांगितला होता तुला. पंखा! इतके दिवस झाले. तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग ना, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील बाबा. आईला बोलता येत नाहीये, कळतंय का तुला?"

"कळतंय गं."

"नुसतं कळून काय उपयोग?"

"चुकलंच माझं. एक पाय नीट बसवला नव्हता. आता पार्ट मागवलाय, वेळ लागेल." भाऊजींनी मान खाली घातली. खटपट्यानं फोन ताईच्या समोर पुस्तकांना टेकवून ठेवला आणि स्वतः तिच्याजवळ स्टूल ओढून बसला. "तोवर मीच कॉम्प्युटर. मी अक्षरं म्हणतो, आई डोळ्यांनी सांगेल. हो की नाही, ताई?"

एकदा.

"चल तर मग. 'क'ची ओळ? 'च'ची? 'ट'ची? 'त'ची? 'प'ची?"

डोळे मिटले.

"प, फ, ब, भ, म..." 'म'ला मिटले. काना विचारला, तो हवा होता. पुन्हा तीच ओळ, तेच अक्षर, तोच काना. फोनमधली मुलगी श्वास रोखून बघत होती. "मामा. बरं, मामाचं काय? 'क'ची ओळ? 'च'ची? 'ट'ची?"

मिटले.

"ट, ठ, ड, ढ..."

मिटले.

खटपट्या थांबला. ताई सरळ त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा एकही स्नायू हलत नव्हता, पण तो तिला जन्मापासून ओळखत होता.

"ढ?" त्यानं विचारलं. "मामा ढ आहे?"

एकदा.

फोनमधून हसू फुटलं. मुलगी हसता हसता नाक पुसायला लागली. "आई! बरोबर बोललीस! मामा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. मीच वाचलं," खटपट्या म्हणाला. "आणि बघा, स्वतःच्या तोंडानं वाचायला लावलं मला." मागे भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. ते हसतायत असंच मुलीला वाटलं असेल.

"आई, अजून सांग. मामाला सोडू नकोस आज."

"सांगते, सांगते. 'क'ची ओळ?" खटपट्या ताईच्या वतीनं म्हणाला आणि पुढे वाकला. "'च'ची?"

'त'च्या ओळीला ताईनं डोळे मिटले. तेव्हा, इतक्या जवळून, त्याला दिसलं की डावी पापणी उजवीच्या थोडी मागून येते. उजवी पूर्ण मिटली होती आणि डावी अजून वाटेतच होती.

फोन त्यानं ताईच्या उजव्या बाजूला थोडा सरकवला, डावा डोळा मुलीला दिसू नये असा.

"त," तो म्हणाला, आणि आधीपेक्षा जरा जास्त वेळ थांबला. "थ."