कल्याणप्पाच्या डोक्यातली स्थळं

"गोरी पाहिजे, बी.एस्सी. झालेली, एकुलता भाऊ असलेली, आन उमरग्याच्या अलीकडची," शिवलिंगप्पानं अटी सांगून टाकल्या आणि उपरण्यानं मान पुसली.

कल्याणप्पानं डोळे मिटले. हातात अडकित्ता, समोर सुपारी. एसटीत कंडक्टरकी करताना त्यानं मुरुमच्या आसपासची सगळी गावं पालथी घातली होती. कुणाच्या घरात लग्नाचं कोण आहे, रंग कसा, शिक्षण किती, मामाचं गाव कुठलं, सगळं तोंडपाठ. कागदाला कधी पेन टेकवलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक याच ओट्यावर यायचे. त्यांनी अटी सांगायच्या आणि यानं डोळे मिटून, सगळ्या अटींत बसणारं स्थळ नेमकं वेचून काढायचं.

"नुसत्या गोऱ्या म्हणलं तर ओट्यावर मावायच्या न्हाईत," तो म्हणाला. "त्यात बी.एस्सी. घातलं की मूठभर. एकुलता भाऊ घातला की दोनच. आन उमरग्याच्या अलीकडं म्हणलं की एकबी न्हाय."

धादांत खोटं. आलूरची एक पोरगी चारही अटींत चपखल बसत होती. कल्याणप्पानं तिचं नाव गिळून टाकलं. या माणसाला एकेक अट सोडताना त्याला बघायचं होतं.

हाच शिवलिंगप्पा बऱ्याच वर्षांमागं आपल्या पोरासाठी, शांतलिंगासाठी, कल्याणप्पाच्या लेकीला, अर्पिताला बघायला इथंच आला होता. पोहे खाल्ले, पोरीला चालून दाखवायला लावलं, आणि तिच्या घोट्यावरचा पांढरा डाग बघून उठला. लहानपणी उकळतं दूध सांडून भाजलेलं ते. कल्याणप्पानं परोपरीनं सांगितलं. पण यानं आपल्या आडत दुकानावर बसून गावभर केलं, पोरीला कोड आहे म्हणून. त्यानंतर या घरी पाहुणा फिरकला नाही. याची जीभ झडत कशी नाही, असं कल्याणप्पाला अजून वाटायचं. शांतलिंगाला जुळेल अशी जी पोरगी निघाली, ती कल्याणप्पानं दरवेळी गुपचूप दुसऱ्या घरी देववली. आता शांतलिंग चाळिशीला टेकला होता.

"भाऊ चार असू द्या," शिवलिंगप्पा म्हणाला.

"तशी एक होती. गेल्या महिन्यात दिली."

"मग शिक्षण ऱ्हाऊ द्या. लांबची चालंल."

"तशा हाईत. पन त्यांना नोकरीवाला पाहिजे, दुकानावर बसनारा न्हाय."

शिवलिंगप्पाचा आवाज खाली आला. "शांतलिंगाच्या आईला आता दिसत न्हाय, कल्याणप्पा. रंगबी नगं. अंगावर एखादा डाग असला तरी चालंल."

एवढंच ऐकायचं होतं. कल्याणप्पाला गार वाटलं. लई गार वाटलं.

"तशी एकच हाय," तो सावकाश म्हणाला. "आन ती तुमाला देनार न्हाय. या आता."

शिवलिंगप्पा चप्पल घालून गेला. चहा घेऊन दारात उभी राहिलेली अर्पिता बाहेर आली, कप खाली ठेवून बापासमोर बसली.

"अप्पा, म्या सांगू का अटी?"

इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं.

"वय जास्त चालंल. शिक्षण कमी चालंल. दुकानावर बसनारा चालंल. फकस्त पाय बघून उठनारा नगं."

कल्याणप्पानं डोळे मिटले. सवयीनं पोरं समोर आली. गुंजोटीचा मास्तर, डाग हसण्यावारी नेला असता असा. नाईचाकूरचा दुकानदार. कदेरचा तो शांत पोरगा. सगळ्या अटींत बसणारे. आणि सगळ्यांची लग्नं झालेली, यानंच जमवलेली. शांतलिंगाच्या वाट्याच्या पोरी वळवून यानं त्यांनाच तर दिल्या होत्या. अर्पितासाठी त्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं. नकार ऐकायचं भ्या वाटायचं.

"कुनी ऱ्हायलंय का, अप्पा?"

डोळे उघडले की उत्तर द्यावं लागणार होतं. तो तसाच बसला. अर्पिता गार झालेला चहा उचलून आत गेली.