नातवाचं नाक

पार्लरवाल्या रूपानं कान टोचायची गन कापसाच्या बोळ्यानं पुसली आणि उत्तमरावांच्या पुढ्यात धरली.

"पाहा काका. चकाचक."

उत्तमरावांनी चष्मा कपाळावर सरकवून त्या गुलाबी यंत्राकडे पाहिलं. काय विचारायचं ते त्यांनी वाटेत मनाशी घोळवलं होतं, तरी आवाज खालीच आला.

"इले उकळता येते काय?"

"उकळता?" रूपा हसली. आरशापुढं भुवया कोरून घ्यायला बसलेली बाईही हसली. "प्लास्टिक हाय काका, वितळून जाइन. कायले भेता? अख्ख्या मंगरूळच्या पोरी इथंच येतात."

"समद्यांले हेच मशीन?"

"मंग काय, हरेकीले नवं घेऊ?"

गन दिसली की उठून यायचं, असं सुनेनं बजावलं होतं. एकीचं रक्त दुसरीला लागतं. पण नुसतं उठून येणं उत्तमरावांना जमलं नाही. त्यांनी काउंटरवरचं केसांच्या पिनांचं एक पाकीट विकत घेतलं, ते शर्टाच्या खिशात घातलं आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. घरात त्या पिना कुणाला लागणार होत्या, हे त्यांना खाली आल्यावर सुचलं. त्यांच्या सुनेनं, प्रियदर्शनीनं, केस विंचरणंसुद्धा सोडल्यात जमा होतं.

ती उपकेंद्रात नर्स होती. गावोगावच्या लेकरांना तिनं लसी टोचल्या होत्या. तिची स्वतःची दोन मुलं नाव ठेवण्याआधीच गेली. हे तिसरं, पाच महिन्यांचं. दूध ओढता ओढता दमायचं, ओठ निळे पडायचे. गेल्या आठवड्यात तिची आई भागिरथा मानोऱ्याहून आली आणि चुलीपाशी बसून म्हणाली, "पोराचं नाक टोच. पोरगी हाय असं समजून मरन मांगं फिरते. माह्या भावाचं असंच टोचलं होतं. सत्तरी पाहून गेला."

तिचा नवरा संघदीप भडकला होता.

"माह्या आज्यानं देव नदीत सोडले ते याच्यासाठी काय? अन् तू नर्स हायस! लोकाईले काय सांगतेस अन् घरात काय करून राह्यली?"

संध्याकाळी प्रियदर्शनी बाळाला खांद्यावर घेऊन सासऱ्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मामाजी, मले कायी मानाचं नाई. फक्त टोचाचं हाय. तुमी जागा पाहा. पन साफ पाहिजे. सुई नवी, पाकीट माह्यासमोर फोडन असा मानूस पाहिजे."

उत्तमरावांनी हातातलं पुस्तक उलटं ठेवलं आणि "पाह्यतो" म्हटलं. नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. शिवाय नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. नागपूरच्या दवाखान्यात, ती आत बाळाला पाजत असताना, डॉक्टरांनी बापलेकांना व्हरांड्यात घेऊन सांगितलं होतं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या. पावसाळा काढील असं वाटत नाही. संघदीपनं तिला सांगितलं, "वजन वाढलं की ऑपरेशनले बलावलं हाय." उत्तमराव शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली होती.

तेव्हापासून ती रोज बाळाचं वजन करत होती.

आठवडी बाजाराच्या गल्लीत रामकिसन सोनाराचं दुकान होतं. तो फुंकणीनं ज्योत एका अंगठीवर वळवत होता. उत्तमराव त्याचं काम होईपर्यंत बाहेरच थांबले.

"या ना. नातीचे कान टोचाचे काय?"

"नातवाचं नाक."

रामकिसननं फुंकणी खाली ठेवली.

"पह्यले किती गेले?"

"दोन."

"बसा. उभे काहून?" त्यानं गादी झटकली. जरा वेळानं म्हणाला, "पन तुमच्या लोकांत हे बंद झालं ना? तुमी तं समदं सोडलं म्हनतात."

"सोडलं."

"मंग?"

उत्तमराव काचेखालच्या चांदीच्या जोडव्यांकडे पाहत राहिले.

"सुनेचं मन हाय."

टोचायचं कसं, हे विचारल्यावर रामकिसननं सांगितलं की तारेलाच टोक काढतो, दिव्यावर धरतो, बापही तसंच करायचा. मेडिकलातून नवी सुई आणि हातमोजे आणले तर चालतील का, असं उत्तमरावांनी चाचरत विचारलं. रामकिसनला ते लागलं. तो थोडा वेळ अंगठी उलटसुलट करत बसला.

"आना," तो म्हणाला. "तुमचं लेकरू हाय. आधी चांदीची बारीक तार घालून देतो. छेद भरला की सोन्याची बाळी. ते आजच बनवून ठेवतो. पन छेद भराले दोन महिने तं लागतातच."

उत्तमरावांनी मान हलवली.

रात्री त्यांनी ठरवलं की सकाळी निघण्याआधी सुनेला खरं काय ते सांगायचं. त्या जीवाला आणखी एक दुखणं कशाला? पण सकाळी ती न्हाऊन, वेणी घालून, बाळाला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून अंगणात तयार उभी होती. संघदीप पाठ करून मोटारसायकल पुसत होता. ती पुसून कधीच लख्ख झालेली होती. त्याला तिथंच सोडून बाळासकट तिघं निघाली, ऑटोत बसली, आणि उत्तमरावांनी तोंड उघडलं ते ऑटोवाल्याला गल्ली दाखवायला.

दुकानात प्रियदर्शनीनं आधी सगळं पाहून घेतलं. रामकिसनला तिनं साबणानं हात धुवायला लावले, आणि त्याची बोटं पाहून पुन्हा धुवायला लावले. सुईच्या पाकिटावरची तारीख उजेडात धरून वाचली. तार किती वेळ उकळली ते विचारलं.

"सिस्टर, तुमी तं आता मलेच इंजेक्शन द्यान असं वाटून राह्यलं," रामकिसन म्हणाला.

ती हसली. कित्येक दिवसांत उत्तमरावांनी ते हसू पाहिलं नव्हतं. आता तर सांगणं शक्यच नव्हतं.

रामकिसननं हातमोजे चढवले आणि चिमट्यानं वाफाळत्या पाण्यातून चांदीची तार उचलली.

"ते राहू द्या," प्रियदर्शनी म्हणाली. "बाळी झाली काय?"

"झाली ना. पन ते मंग. जाड असते, सुजन. दोन महिन्यानं या, मी सोता घालून—"

"आताच घाला."

"सिस्टर, तुमाले मी काय सांगू? पिकन ते."

"आताच घाला, काका."

लस घ्यायला घाबरणाऱ्या आयांशी ती याच आवाजात बोलत असणार. तिनं रामकिसनकडे पाहिलं नाही, सासऱ्यांकडेही नाही. बाळाची निळसर नखं ती अंगठ्यानं एकेक करून चोळत होती. नागपूरला त्या व्हरांड्यात ते उभे होते तेव्हा ती पाजत होती त्या खोलीचं दार लावलेलं होतं की उघडं होतं, हे उत्तमराव आठवायला लागले. आठवेना.

घरातला मोठा माणूस म्हणून रामकिसननं त्यांच्याकडे पाहिलं.

"घाला," उत्तमराव म्हणाले.

बाळी उकळत ठेवली. पाणी तापेपर्यंत प्रियदर्शनी बाळाची नखं चोळत राहिली. बाहेरून कांदे विकणाऱ्याची हाळी येऊन पुढं गेली. मग उत्तमरावांनी दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं. टाळूखाली काहीतरी भराभर उडत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाळ रडलं. आधी बारीक, मग श्वास घेऊन मोठ्यानं. त्या घशात एवढा आवाज आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रामकिसननं घाईनं बाळी वळवली, सुई टाकून दिली आणि म्हणाला, "झालं, झालं. घ्या सिस्टर, उगी करा त्याले."

प्रियदर्शनीनं बाळाला उचलून छातीशी धरलं. थोपटलं नाही. पाजलं नाही. मान थोडी कलती करून त्याच्या तोंडाजवळ कान नेला, आणि ते रडणं ऐकत तशीच बसून राहिली.