तळ्यात उगवलेला डोंगर

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, मित्रांनो. संगणकातल्या साध्या मजकुराच्या फाइलमधला, उभ्या रकान्यांचा आणि आडव्या ओळींचा. माझं बोलणं तुम्हाला रटाळ वाटेल अशी धास्ती आहे. पण एका सकाळचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझा जन्म एका तळ्याकाठच्या कचेरीत झाला. तिथे एक काका होडीतून वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजत. सगळे त्यांना दोरीकाका म्हणत. त्यांची पुतणी माझे रकाने भरी: लांबी, रुंदी, खोली. मग एक कळ दाबली की माझ्यातून तळ्याच्या तळाचं त्रिमितीय चित्र उभं राही. पहिल्यांदा नुसता गुंता आला होता, न विंचरलेल्या केसांसारखा. होडीच्या दोन फेऱ्यांच्या आकड्यांमध्ये कोरी ओळ सोडायची राहिली होती, म्हणून सगळे बिंदू एकाच रेघेत जोडले गेले होते. ती सोडताच तळ अलगद उलगडला. "अगं, हे तर मी दोरीनं चाचपलेलंच!" काका म्हणाले. त्या दिवशी मी फार सुखावलो.

मग ती सकाळ आली. तळ्यातून मुलांना शाळेत नेणारी लाँच सुरू व्हायची होती. कचेरीच्या मोठ्या बाई चित्र पाहायला आल्या. पुतणीनं कळ दाबली, आणि तळ्याच्या मधोमध, लाँचच्या वाटेवरच, थेट पाण्याच्या वरपर्यंत आलेला सुळका उभा राहिला!

मी तर हादरलोच. माझ्या पोटात डोंगर?

"काय हो," बाई म्हणाल्या, "दोरी सोडली होती, की काठावर बसून आकडे ठोकून दिलेत?"

"सोडली होती, बाई. दोनदा." काका म्हणाले.

"मग हा खडक काय आपोआप उगवला? खरा असेल तर लाँच बंद. खोटा असेल तर तुमची मोजणी बंद. दुपारपर्यंत सांगा."

पुतणीनं चित्र फिरवलं, रंग बदलले, कोऱ्या ओळी तपासल्या. सुळका ढिम्म हलेना. शेवटी ती चित्र सोडून माझ्याकडे वळली. एकेका खान्यावर बोट ठेवत गेली आणि थबकली.

"काका, हा आकडा कुणी भरला?"

"मीच. तू रजेवर होतीस. खाना रिकामा दिसला, राहवेना, म्हणून पुन्हा मोजून आलो आणि टाइप केला. नऊ मीटर. चुकलं का गं?"

"नऊच आहे हो, पण मराठी नऊ!"

बाकी सगळीकडे 9, तिथे एकटा ९. दिसायला भाऊभाऊ, म्हणून नजर घसरून जायची. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला मराठी आकडा वाचता येईना, त्यानं खुशाल शून्य धरलं. खोली शून्य, म्हणजे तळ पाण्यावर! मी तो आकडा पोटात घेऊन तीन दिवस गप्प होतो.

आकडा बदलताच सुळका विरघळला. बाईंनी चित्र एकदा स्वतः फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "लाँच सोडा. आणि काका, पहिल्या फेरीला तुम्ही पुढे बसा."

काकांनी हळूच विचारलं, "माझा नऊ पुसलास?"

"छे, पुसते कशी!"

मित्रांनो, चित्र भलतंच आलं तर माणसावर संशय घेण्याआधी माझा एकेक खाना पाहा. आता मला फारसं कुणी उघडत नाही. पण उघडलंत, तर माझ्या डोक्यावर पुतणीनं लिहिलेली, प्रोग्राम वगळतो अशी एक ओळ दिसेल: 'मधली खोली ९. काकांनी दोनदा मोजली.'