हातभर वायर

"बसतेय ना? मग झालं," दुकानदार म्हणाला आणि त्याने वायरचं पाकीट बाईंकडे सरकवलं.

"बसते. परवाचीही बसत होती, त्याच्या आधीचीही बसत होती." बाईंनी पिशवीतून दोन वायरी काढून काउंटरवर ठेवल्या. "हिने चार्जिंगचं चिन्ह दाखवलं आणि रात्रभरात दोन टक्के भरले. ही दुसरी एवढी तापली की पोरांना हात लावू देईना मी. पाय आत शिरला म्हणजे चप्पल झाली असं नसतं. चालता यायला हवं."

"आजी, टॅबलेटच म्हातारा झालाय. टाका आता."

"आजी मला माझी नात म्हणते. तू बाई म्हण. आणि म्हातारं झालं की टाकायचं, हे कोणत्या शाळेत शिकलास?"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. दुकानदाराने पाकिटावर बोट ठेवलं. "वाचा की. लिहिलंय इथे, 'सर्व जुन्या टॅबलेटसाठी'."

बाईंनी वाचलं. एकतीस वर्षं त्या मुलांना वाचायला शिकवत होत्या. छापलेलं वाचता आलं की पोर कुठे अडत नाही, असं पालकांना छातीठोक सांगत होत्या. आता छापलेलंच खोटं निघालं होतं, तेही आठ दिवसांत दोनदा.

"आत किती जाडीची तार आहे, ते कुठे लिहिलंय?"

"ते कोण विचारतं?"

"मी विचारतेय."

"मग तुम्हीच सांगा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाई तशाच बाहेर पडल्या.

शाळेच्या तळमजल्यावर बाईंचा वर्ग होता. त्यात नऊ मुलं. कोणाला ऐकू कमी यायचं, कोणाच्या हातात पेन्सिल ठरत नसे. त्यातली एक मुलगी बोलत नसे. तिला सगळे 'बडबडी' म्हणत. नाव तिच्या मोठ्या भावाने ठेवलं होतं आणि ते खरंही होतं. तिच्या टॅबलेटवर चित्रं होती. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट शब्द बोलायचा आणि तिचं बोट दिवसभर थांबत नसे. 'पाणी', 'नको', 'हा मला ढकलतो', 'बाई, तुमची साडी उलटी आहे'. हे शेवटचं वाक्य तिने स्वतः मागून घेतलं होतं. त्यासाठी बाईंना एकदा खरोखर साडी उलटी नेसावी लागली होती.

ते सगळे साडेचारशे शब्द भावाच्या आवाजात होते. तो दहा वर्षांचा असताना वर्गात येऊन बसायचा आणि एकेक शब्द बोलून ठेवायचा. आता तो पंधराचा होता. शिक्षण कार्यालयाने नवा टॅबलेट पाठवला, तेव्हा बाईंनी त्यालाच बोलावलं. तो 'पाणी' म्हणाला आणि बडबडीने दाराकडे बघितलं, कोण काका आला म्हणून. नव्या टॅबलेटचा स्वतःचा आवाज होता, रांगेतल्या माणसांना खिडकी क्रमांक सांगणाऱ्या बाईसारखा. तो तिने एकदा ऐकला, टॅबलेट बाकावर पालथा घातला आणि वर दप्तर ठेवलं.

जुन्यातले शब्द नव्यात चढत नव्हते. जुन्याची वायर मेली होती. आणि शुक्रवारी समिती येणार होती.

समिती ठरवणार होती, बडबडीला वरच्या मजल्यावर चौथीत घ्यायचं की खालीच ठेवायचं. गेल्या वर्षी समितीच्या साहेबांनी तिला तीन मिनिटं प्रश्न विचारले. चित्र शोधायला तिला वेळ लागतो हे कोणी ऐकून घेतलं नाही. शेऱ्यात लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. येत्या महिन्यात तिला दहा पूर्ण होत होती. दहानंतर ही तपासणी पुन्हा होत नसे.

बाईंनी कार्यालयात फोन लावला.

"बाई, नवीन दिलाय ना आम्ही?" कारकून म्हणाला. "मग जुन्याची वायर कशाला?"

"जुन्यातून बोलते ती, म्हणून."

"जुन्याच्या वायरला आमच्याकडे कॉलमच नाही. काय लिहू मी?"

"माणसाला आहे का कॉलम?"

"बाई, तुम्ही उगाच चिडता."

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई टपालघराच्या जिन्याखाली गेल्या. तिथे एक दुरुस्तीवाली बसायची. चाळिशीची बाई, कपाळावर भिंग, समोर पाटाएवढं टेबल. बाईंनी टॅबलेट ठेवला आणि दुकानदाराची तक्रार सुरू केली. तिने हात वर करून थांबवलं.

"त्याला शिव्या नंतर घालू, ताई. आधी वायरी दाखवा."

तिने काडेपेटीएवढं एक यंत्र मध्ये लावलं. त्यावर वीज किती जातेय त्याचे आकडे उमटत होते. दुकानातली पहिली वायर लावली. "हे बघा, शून्य पॉइंट तीन. याला लागतात दोन. तुम्ही हंड्याला चमच्याने पाणी घालताय. स्क्रीन चालू असली की घातलेलं तेवढंच सांडतं." दुसरी वायर तिने दोन बोटांत चिमटली. "प्लास्टिक जाड, तार केसाएवढी. म्हणून तापते. घेताना तोंड बसतं का बघायचंच, पण वजनही बघायचं. वायर हातात हलकी लागली तर ठेवून द्यायची. आणि चार्जर तरी कोणता लावता?"

"टॅबलेटबरोबर आलेलाच."

"तेवढं बरं केलंत. फोनचा लावला असतात तर चांगली वायरही फुकट गेली असती. मूळची आहे का?"

बाईंनी पिशवीच्या तळातून मूळची वायर काढली. चार्जरभोवती घट्ट गुंडाळलेली, वर लाल फीत. दुरुस्तीवाली ती उलगडत गेली. ठरावीक अंतरावर वायरला बाक आले होते आणि प्रत्येक बाकापाशी आवरण पांढरं पडलं होतं.

"ही झिजली नाही, ताई. हिला गुंडाळून मारलंय. रोज, एकाच घडीवर, जीव खाऊन. कोण करतं एवढं घट्ट?"

बाईंनी लाल फीत उचलून तिची घडी घातली.

रोज सुटायच्या आधी त्या वर्गाकडून वायरी गुंडाळून घेत. तपासणीत टापटिपीला गुण असत. शिवाय त्यात मोजणी होई, बोटांना व्यायाम होई. बाई आकडे म्हणत आणि मुलं वेढे घालत, एक ते बारा. सैल राहिली तर पुन्हा. सगळ्यात घट्ट गुंडाळायची बडबडी. जीभ दातांत धरून, ताणून ताणून. त्याबद्दल बाईंनी तिच्या वहीत किती चांदण्या चिकटवल्या होत्या, त्याचा हिशेब नव्हता.

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "आठ दिवस त्या दुकानदारावर तोंड टाकतेय मी."

"टाका की. त्यानं खोटा माल विकलाच ना? तुमचं पाप तुमच्याकडे, त्याचं त्याच्याकडे." तिने वायर पुन्हा बोटांतून फिरवली. "टॅबलेटच्या तोंडाकडचा हातभर तुकडा शाबूत आहे. बाकीचं कापते आणि तिथेच नवी पिन जोडते."

"हातभरच?"

"हे रुंद तोंड आता कोणी धड बनवत नाही. मिळतात ती असली, पोकळ. मेलेल्या लांबीपेक्षा जिवंत हातभर बरी. आणि आता सैल ठेवा. नागाच्या वेटोळ्यासारखी, मोठी."

डाख लावून झाल्यावर तिने यंत्र मध्ये घातलं. आकडा एक पॉइंट नऊवर जाऊन थांबला.

"बॅटरीही थकलीय हं. वायर काढलीत की पाच मिनिटंसुद्धा धरणार नाही. उद्या लावूनच ठेवा."

शुक्रवारी दिवाणखान्याएवढ्या सभागृहात मधोमध टेबल होतं, पंख्याच्या बरोबर खाली. पलीकडे समितीचे साहेब, एक डॉक्टरीणबाई आणि तो फोनवरचा कारकून. विजेचा प्लग दाराजवळ, भिंतीत खाली. बाईंनी सगळं योजलं होतं, एवढंच योजलं नव्हतं. वर्गात प्लग बाकालाच खेटून होता.

"तो एक्स्टेन्शन बोर्ड जरा देता का?" बाईंनी विचारलं.

"साहेबांचा लॅपटॉप आहे त्याच्यावर," कारकून म्हणाला.

बडबडी टेबलाशी बसली. साहेबांनी विचारलं, "शाळेत कोणाबरोबर येतेस?" तिचं बोट चित्रं शोधत फिरलं, आईवरून पुढे गेलं, आणि स्क्रीन काळी झाली. तिने बोट तसंच धरून ठेवलं.

"नवीन टॅबलेट दिलेला आहे ना?" साहेब म्हणाले. "तो वापरा."

"तो तिचा नाही."

"कागदोपत्री तिचाच आहे."

"कागदाला विचारा मग, तो काय उत्तर देतो ते."

"बाई, पुढच्या शाळांतली अजून अकरा मुलं आहेत. मी प्रतिसाद नाही असं लिहितो." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी एकतीस वर्षांत मुलांदेखत आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "फक्त कारणही लिहा. मुलगी दाराजवळ बसून उत्तर द्यायला तयार होती, समितीला सहा पावलं चालता आली नाहीत. खाली मी सही करते. तारीख, वेळ घालून."

पंखा फिरत राहिला. बाईंनी बडबडीचा हात धरला, तिला दाराशी नेलं, फरशीवर बसवलं आणि वायर लावली. ती इतकी तोकडी होती की मुलीला भिंतीला अगदी चिकटून, टॅबलेट मांडीवर तिरका धरून बसावं लागलं. स्क्रीन उजळायला वेळ लागला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डॉक्टरीणबाई स्वतःची खुर्ची उचलून निघाल्या होत्या. त्यांच्या मागे कारकून, साहेबांकडे बघत बघत. शेवटी साहेबांनी टोपण लावलं, शेऱ्यांचा कागद काखेत धरला आणि दोन्ही हातांनी आपली जड खुर्ची उचलली.

तिघे दाराशी येऊन उभे राहिले, हातात खुर्च्या, कुठे ठेवाव्यात ते न कळून. बडबडीने वर बघितलं. तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खाली मान घालून चित्र शोधलं, घाई न करता, आणि बोट ठेवलं.

"बसा," टॅबलेट म्हणाला.

साहेबांनी खुर्ची खाली ठेवली आणि ते बसले.